उस्तादांच्या हातचं काम

दुकानावर पाटी नवऱ्याची होती आणि हात बायकोचा. हे त्या दोघांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे तिचे सासरे. आणि ते कधीच वारले होते.

सासरे रफूगार. त्यांच्या घरातली विद्या अशी, की ज्या घावाने अंगावरचा कपडा फाटला, तो घाव कपड्याबरोबर सांधला जाई. मात्र कपड्यावरचं रक्त वाळायच्या आत, त्याच कपड्यातले धागे काढून, सांधा दिसणार नाही असं रफू व्हायला हवं; सांधा जितका दिसेल, तितकी खोड अंगात राही. म्हाताऱ्याने मुलाला शिकवायची शिकस्त केली, पण मुलाची सगळी चपळाई जिभेत. सुई धरली की दोन टाक्यांत त्याला जांभई यायची. सून मात्र स्वयंपाकघराच्या दारातून बघून बघून शिकली. सासऱ्यांनी तिचं काम उजेडात धरलं, उलटसुलट केलं, आणि सांधा सापडेना तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, हात तुझा असू दे, नाव त्याचं असू दे. नाहीतर तो आयुष्यातून उठेल."

तिने ते मानलं. नवरा बाहेर बसून आलेल्यांना धीर द्यायचा, कपडा घेऊन पडद्याआड यायचा आणि तिचं काम होईपर्यंत स्टुलावर पेंगायचा. मग कपाळावरचा नसलेला घाम पुसत बाहेर जायचा. आयत्या बिळावर नागोबा, पण लोकांना बीळ कुठं दिसत होतं? ते त्याला उस्ताद म्हणू लागले. सुरुवातीला आत आल्यावर तो ओशाळायचा. पुढे ओशाळणं संपलं. आणखी पुढे तो जेवताना तिलाच सांगू लागला, की त्या गवंड्याच्या पाठीचं काम आपण कसं निभावून नेलं. ती भाजी वाढत ऐकून घ्यायची.

एका दुपारी दुकानातलं कपाट पुसताना वरची काच निखळली आणि तिच्या उजव्या हातावर आली. कोपरापासून मनगटापर्यंत बाही फाटली, खालचा हातही. आरडाओरड ऐकून शेजारचा न्हावी धावला, चहावाला आला, दारात गर्दी झाली. न्हाव्याने बाही कापून उस्तादांच्या हातात दिली. कुणी फारसं घाबरलंही नाही. साक्षात उस्तादांच्या घरातली बाई, तिला कसली काळजी?

उस्ताद बाही धरून उभा राहिला. रक्त ओलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते, पण शुद्ध होती.

"अहो, आत चला," ती म्हणाली. "मी सांगते तसं टाके घाला. जमेल तुम्हाला."

जमलंही असतं. ओबडधोबड झालं असतं, पण बोटं हलती राहिली असती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या माणसांकडे. न्हावी कान देऊन ऐकत होता, आणि त्याची जीभ वस्तऱ्याहून धारदार. बायको सांगणार आणि उस्ताद शिवणार, म्हटल्यावर उस्ताद कोण, हे चहावाल्यालाही कळलं असतं.

"भ्रम झालाय तिला," तो लोकांना म्हणाला. त्याने बाही उजेडात धरली, बोटांनी चोळली, पुन्हा धरली. "कपडा विरलाय. ह्यात टाका धरायचा नाही."

लोक हळहळले. त्याच्या मुठीतली बाही लालाची तपकिरी होताना ती बघत राहिली.

डॉक्टरांनी हात वाचवला, बोटं नाही वाचली. नवऱ्याने तिची सेवा मात्र मनापासून केली. घास भरवले, वेणी घातली. आलेली गिऱ्हाइकं तो हात जोडून परत पाठवायचा. "हिचं असं झाल्यापासून माझा हातच चालत नाही हो," म्हणायचा. लोकांना त्याची दया यायची.

मग एक बाई जिन्यावरून पडलेल्या आपल्या पोरीला उचलून घेऊन आली. पोरीच्या विजारीचा गुडघा फाटला होता आणि आतून हाड दिसत होतं. उस्तादाने हात जोडायला घेतले, एवढ्यात बायको पडद्याबाहेर आली. तिने विजार घेतली, सगळ्यांदेखत त्याच्या जागेवर बसली आणि डाव्या हातात सुई धरली.

"तुम्ही करणार?" पोरीच्या आईने चाचरत विचारलं.

"इतकी वर्षं मीच करत आलेय," ती म्हणाली.

दारात येऊन उभ्या राहिलेल्या न्हाव्याने खाली बघून हसू दाबलं. नवरा पोरीच्या आईच्या कानाशी वाकला. "करू द्या तिला. मनावर परिणाम झालाय बिचारीच्या."

डाव्या हाताला सवय नव्हती. धागे निसटले, सांधा फुगला, वर गाठ राहिली. पोरीचा गुडघा भरून आला, रडणं थांबलं. पण उठून चालली तेव्हा पाय पुरता वाकेना.

आईने विजार उचलली. दारात थांबून ती उस्तादाला म्हणाली, "तुम्ही स्वतः बसला असता, तर पोर नीट चालली असती."

त्याने मान खाली घातली. "खरंय," तो म्हणाला. "मीच बसायला हवं होतं."

बायको त्याच्याकडे बघत होती. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.