चढाच्या पोटात

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ‘मॅडम, मॅडम’ करत आणि गाडीतून उतरले की घाम पुसत. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचा विचार यायच्या आत तिचा पाय त्यावर पडलेला असे.

शाळा वडिलांनी काढलेली. मोकळं मातीचं मैदान, उलटी गाडी लावायच्या सरावासाठी रोवलेले बांबू आणि कडेला मातीचाच एक चढ. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, हे शिकवायला वडिलांनी तो स्वतः घातला होता. वडील गेल्यावर धाकट्या भावाने ऑफिस घेतलं आणि तिने मैदान. त्याला मैदानातलं काही कळत नव्हतं, तिला ऑफिसात बसवत नव्हतं, त्यामुळे दोघांचं झकास जमायचं.

मग कोपऱ्यावर दुसरी शाळा निघाली. तिचं मैदान गुळगुळीत, वर पिवळे पट्टे मारलेले. इथे उन्हात धूळ आणि पावसात चिखल. लोक नाक मुरडायला लागले. भावाने ठरवलं, सगळीकडे काँक्रीट टाकायचं, चढासकट. ब्रेकबाईची काही हरकत नव्हती. धूळ खायची हौस तिला तरी कुठे होती?

त्याच सुमारास प्राध्यापिका शिकायला आली. कॉलेजात किड्यांविषयी शिकवायची म्हणे. वर्गात पोरं तिला टरकून असतील, पण क्लचसमोर तिचीच टरकायची. एका सकाळी तिने चढाच्या मध्यावर गाडी थांबवली, आयुष्यात पहिल्यांदा हँडब्रेक नीट ओढला, दार उघडलं आणि खाली उतरून चढाच्या कडेला चक्क पोटावर आडवी झाली. ब्रेकबाईला वाटलं, बाईला चक्कर आली.

“मॅडम, इकडे या,” प्राध्यापिका पडल्या पडल्या म्हणाली. “सावली पाडू नका.”

चढाची उभी कड भोकाभोकांची होती. पेन्सिल जाईल एवढी भोकं. ब्रेकबाईने ती वर्षानुवर्षं पाहिली होती आणि उंदरांच्या नाहीतर देवाच्या खात्यावर टाकली होती. आता एका भोकातून एक डोकं बाहेर आलं, मागोमाग केसाळ अंग आणि काळ्या पोटावर निळे पट्टे, असे निळे की कापड असतं तर तिने लगेच ड्रेस शिवला असता. माशी भणभणत उडाली. दुसरी आली, आपलं भोक बरोबर शोधून आत शिरली.

“मधमाशी? चावेल ना,” ब्रेकबाई म्हणाली.

“मुठीत धरलीत तर. एरवी तिला तुमच्यासाठी वेळ नाही.”

“आत पोळं आहे?”

“पोळं नाही, राणी नाही, मधाचा साठा नाही. रानमाशी आहे. प्रत्येक बाईचं वेगळं घर. स्वतः खणायचं, स्वतः भरायचं, कुणाला विचारायचं नाही.”

“आणि नवरे?”

“त्यांना घरात घेत नाहीत. संध्याकाळी त्या वाळक्या काड्यांकडे बघा. दातांनी काडी धरून ओळीने लटकून झोपतात.”

ब्रेकबाईला हे फारच पटलं.

त्या दिवशी गाडी पुढे सरकली नाही. प्राध्यापिकेने तिला तिचंच मैदान फिरवून दाखवलं. पार्किंगच्या बांबूत काळा भुंगा राहत होता, तोही या माश्यांच्याच गोतावळ्यातला. ऑफिसच्या खिडकीतलं स्क्रूचं रिकामं भोक कुणीतरी डिंकाने लिंपून टाकलं होतं. फाटकावरच्या वेलीची पानं कंपासने कापावीत तशी गोल गोल कातरलेली होती आणि ते तुकडे घडीच्या खुर्चीच्या नळीत गुंडाळून बसवले होते. भाऊ त्याच खुर्चीवर बसून वेलीला रोग पडलाय म्हणून कुरकुरायचा.

“लोक माशा वाचवा म्हणतात आणि मधाच्या पेट्या ठेवतात,” प्राध्यापिका म्हणाली. “यांना पेटी नको असते. उघडी माती लागते, पोकळ काडी लागते. आपण नेमकं तेच आवरून टाकतो.”

ब्रेकबाईने त्याच दुपारी भावाला सांगितलं, चढ राहू दे. भावाने कपाळावर हात मारून घेतला. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तीच म्हणाली, “बरं, थांब थोडा. माशा उडून गेल्या, एकही दिसेनाशी झाली, की टाक तुझं काँक्रीट. शब्द देते.”

तिच्या शब्दाला वजन होतं. भाऊ थांबला. त्याने रोज सकाळी चढाजवळ जाऊन मान वाकडी करून पाहायचं आणि तोंड वाकडं करून परत यायचं. आणि एके दिवशी एकही माशी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. भोकं मातीने बुजलेली होती. भावाने काँक्रीटचं मशीन सांगून टाकलं. ब्रेकबाईला चुटपुट लागली, पण गेल्या त्या गेल्या, कुठेतरी सुखी असतील, असं तिने मनाला समजावलं.

प्राध्यापिकेच्या परीक्षेआधीचा शेवटचा तास होता. ब्रेकबाईने सहज सांगितलं, “उद्या चढ काँक्रीटखाली जातोय. तुमच्या माशा गेल्याच आहेत.”

प्राध्यापिकेने गाडी बंद पाडली. “कुठे गेल्या? आया मेल्या. पोरं आत आहेत.”

“आत म्हणजे?”

“मातीत. वर्षभर तिथेच असतात. पुढच्या मोसमात बाहेर येतील. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

पावसाने ढिलं झालेलं कडेचं एक ढेकूळ प्राध्यापिकेने डब्यातल्या चमच्याने अलगद उचललं. आत मातीचीच एक कुपी होती, आतून मेण फिरवल्यासारखी गुळगुळीत. तिच्यात एक पांढरी अळी वेटोळं करून निजली होती. आईने ठेवलेला शिधा संपवून तिने जगाकडे पाठ फिरवली होती. ब्रेकबाईने स्वतःलाच एक चांगली शिवी हासडली.

सकाळी मशीन फाटकाशी आलं तेव्हा शिकाऊ गाडी चढाच्या माथ्यावर आडवी उभी होती आणि ब्रेकबाई बॉनेटला टेकून.

“ताई, गाडी काढ,” भाऊ म्हणाला.

“नाही काढत. पोरं आत आहेत. सगळा चढ भरलाय.”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. आता फिरवतेय.”

भावाला हे ऐकायची सवय नव्हती. “तू? तू कधी शब्द फिरवत नाहीस.”

“मला माहीत नव्हतं मी कशावर शब्द देतेय. आता माहीत आहे. माहीत असून पाळला तर तो माझा नुसता माज झाला. त्यापेक्षा खोटी म्हण मला.”

“लोक हसतील.”

“हसू देत. दात आहेत त्यांना.”

“मग काय, माश्यांपायी वाटणी करू?” भाऊ तडकून बोलला. बोलायचं म्हणून बोलला होता.

“कर,” ती म्हणाली.

मशीनवाल्याने नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं. भाऊ आपल्याच बोलण्यात अडकून उभा राहिला. त्याला शब्द मागे घेता येईना, आणि तिला तर घ्यायचाच नव्हता.

वाटणी झाली. सपाट मैदान आणि ऑफिस त्याला. चढ, बांबू आणि जुनी गाडी तिला. वडिलांच्या नावाची पाटी दोघांनीही काढली नाही. मावशीचा फोन आला, मग काकूचा. सख्ख्या भावाशी उभा दावा मांडलास आणि तोही किड्यांसाठी?

“हो, किड्यांसाठी,” ब्रेकबाई म्हणायची. तिने एकदाही दुसरं कारण पुढे केलं नाही. पण भाऊ समोरून मान खाली घालून जायचा तेव्हा तिला आतून तुटायचं. राग यायचा आणि रडूही. दोन्ही ती गाडीत बसून उरकायची.

मोसम आला. ती रोज चढाशी जाऊन बसायची. माती गप्प होती. तिला धडकी भरली, आपण मेलेल्या मातीसाठी भाऊ गमावला की काय. आणि मग एका उन्हाच्या सकाळी कडेची माती आतून हलली, आणि निळे पट्टे एकामागून एक बाहेर आले. ती एकटीच हसली, मोठ्याने, वेड्यासारखी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पलीकडून हाक आली. “ताई.”

वाटणीनंतर पहिल्यांदाच. भाऊ आपल्या काँक्रीटच्या मधोमध उभा होता, हातात थापी, शेजारी कालवलेल्या सिमेंटची बादली. दोन लाद्यांमधल्या फटीत ताज्या मातीची चिमूटभर रास होती, मधे भोक.

“तुझ्या भाडेकरूंना सांग, ही माझी हद्द आहे.”

ब्रेकबाई गुडघ्यांवर बसली. भोकातून एक इवलं, हिरवट चकाकतं डोकं डोकावलं आणि आत गेलं. असली तिने कधी पाहिली नव्हती.

“ही माझ्याकडची नाही,” ती म्हणाली. “माझ्या पट्ट्यांच्या आहेत. ही तुझीच दिसतेय.”

“मी फट बुजवणार आहे.”

“तुझी हद्द मला मान्य आहे, तिला नाही. बुजवलीस तर उद्या सकाळी माझी गाडी इथे उभी असेल. फट दोन चाकांच्या मधे ठेवून.”

“दुसऱ्याच्या जागेत?”

“दुसऱ्याच्या जागेत.”

भावाने तिच्याकडे पाहिलं, मग भोकाकडे. हिरवं डोकं पुन्हा वर आलं आणि मातीचा एक कण बाहेर ढकलून खाली गेलं. भावाने थापी बादलीत टाकली, बादली उचलली आणि ऑफिसकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत तो थांबला, पण वळला नाही.

“तिथेच बसून राहा,” तो म्हणाला. “माझी बॅच येतेय. गाड्यांना वळसा घालायला कुणीतरी सांगायला हवं.”

ब्रेकबाई भावाच्या काँक्रीटवर मांडी ठोकून बसली.