सात सुजलेल्या पट्ट्या

गाडीत रबराचे एकूण एकवीस भाग होते. चार दारांच्या कडेने फिरणाऱ्या चार पट्ट्या, खिडक्यांच्या काचा ज्यांतून वरखाली होतात त्या चार खाचा, पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचांभोवतीच्या दोन चौकटी, डिकीची एक पट्टी, तीन पेडलांवरची तीन आवरणं, वायपरच्या दोन पात्या आणि इंजिनाच्या पोटात वळसे घेत गेलेले पाच पाइप. धाकटीने प्रत्येक भाग नखाने दाबला, वाकवून पाहिला आणि त्याच्याशेजारी पत्र्यावर खडूने खूण केली. आठ धडधाकट होते. सहा सुकून काटकीसारखे कडक झाले होते. उरलेले सात मात्र तिच्या हिशेबात बसेनात. ते मऊ होते, नको तितके मऊ. हाताला काळं लावत होते आणि फुगून आपापल्या जागेतून बाहेर डोकावत होते.

"झालं का मोजून, शास्त्रज्ञ बाई?" गॅरेजच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या दादाने विचारलं. "मोजून पाणी थांबत असतं तर मीही मोजलं असतं."

"तू आधी बाजूला हो. उजेड अडवतोयस."

गॅरेजमध्ये एकच गाडी मावायची, आणि ती होती आईची. दादाची नवीकोरी गाडी रस्त्यावर उन्हात तापत पडलेली. आईची गाडी धुतली की आत तळं साचायचं, विशेषतः पुढे डाव्या बाजूला. खालचा पत्रा एकदा बदलून झाला होता, आणि कुबट वास तर पाहुण्यांच्या आधी स्वागताला यायचा. शेवटी दादाने सांगून टाकलं होतं: महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाण्याचा पाइप मी स्वतः धरणार, आत थेंब गेला तर भंगारवाल्याला बोलवायचं. आई नुसतं "बरं" म्हणाली होती.

त्या "बरं"नेच धाकटीची झोप उडाली. आई नर्स होती. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची, ती याच गाडीतून. निवृत्त झाली तरी मनात आलं की किल्ली उचलायची आणि मावशीकडे, मैत्रिणींकडे निघायची. गाडी गेली की "थांब, मी सोडतो" ऐकायचं, आणि दादाला सवड होईपर्यंत पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहायचं. आई कुणाकडे काही मागणाऱ्यातली नव्हती. ती बाहेर पडणंच सोडून देईल, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती त्या सात भागांच्या मागे हात धुऊन लागली. ऊन कारण नव्हतं, गाडी कायम सावलीत. वय कारण नव्हतं, सगळे भाग एकाच वयाचे. खिडक्यांच्या खाचा तर त्याच दारांत, चार बोटांच्या अंतरावर, तरी ठणठणीत. असं या सातांच्या वाट्याला काय आलं होतं, जे खाचांना मिळालं नाही?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलं. आई एका हातात फडकं आणि दुसऱ्या हातात पेट्रोलियम जेलीचा डबा घेऊन गॅरेजमध्ये शिरली.

"हे काय?"

"काय म्हणजे? गाडी घेतल्यापासून दर आठवड्याला करते तेच. रबर मऊ राहतं."

आईचं बोट निघालं. एक दार, दुसरं, तिसरं, चौथं. मग डिकी. मग पुढची काच, मग मागची. धाकटी मनात मोजत होती. सातावर बोट थांबलं. खाचांमध्ये आईचं बोट पोचत नव्हतं, एवढंच त्यांचं नशीब.

आईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने आधी खात्री करायचं ठरवलं. एका चांगल्या खाचेच्या टोकाचे नखाएवढे दोन तुकडे कापले, छोट्या तराजूवर तोलले, एक डब्यातल्या जेलीत बुडवला, दुसरा कोरडा ठेवला आणि दोन्ही फ्रिजच्या मागच्या उबेत सरकवले. दोन-तीन दिवसांत जेलीतला तुकडा फुगला, वजनालाही वाढला. कोरडा होता तसाच राहिला.

"माझ्या डब्यातलं तिथे काय शिजतंय?" आईने विचारलं, आणि धाकटी काही बोलायच्या आत तो तुकडा उचलून अंगठ्याने दाबला. पेशंटच्या पायावर दाबायची तसाच. खळगा पडला तो भरून यायला तयार नव्हता.

"सूज आहे ही."

"हो."

"आणि माझ्या हातची आहे."

"आई, अगं, जेलीत खनिज तेल असतं. ते रबरात शिरतं, तेव्हा सुरुवातीला खरंच मऊ वाटतं. कुणालाही वाटेल की…"

"गोड बोलून इंजेक्शन द्यायला मीच शिकवलं लोकांना. मला नको देऊस. जन्मभर डॉक्टरांच्या चुका निस्तरल्या, आता एक माझी निस्तरते. उपाय सांग."

मग दोघींनी कंबर कसली. सातही पट्ट्या आणि चौकटी उतरवल्या. काचा बाहेर काढायला कोपऱ्यावरचा काचवाला आला आणि आईच्या हातचा चहा पिऊन पैसे न घेताच गेला. त्याचा जन्म आईच्याच हातचा. रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पुसलं आणि टाल्कम पावडरीत लोळवून ठेवलं. पावडर तेल शोषायची, काळी पडायची, की आई ती झटकून नवी भरायची. घरभर तान्ह्या बाळाचा वास सुटला. सूज उतरत गेली. कडक झालेल्या सहा भागांचे लाड कुणी केले नाहीत. पात्या आणि पाइप बाजारात नवे मिळतात.

पण दारांच्या आणि डिकीच्या पट्ट्या दगा देऊ लागल्या. त्या आतून पोकळ होत्या. सूज उतरली तशा चपट्या पडल्या, दाबल्या की वर येईनात. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता, नव्या पट्ट्या कुठून आणायच्या? धाकटी पायरीवर मटकन बसली.

आईने पट्टीचं टोक डोळ्याजवळ धरून आत पाहिलं. "पोकळ आहे ना? मग नळी घाल की आत."

धाकटी ताडकन उठली. सिलिकॉनची नळी! ना झिजणारी, ना रबराला त्रास देणारी. ती धावतच जाऊन घेऊन आली, पण एवढ्या लांब पट्टीत मऊ नळी ढकलली की घडी पडायची.

"सरक," आई म्हणाली. "आधी तार, मग दोरा, मग नळी. घाई केलीस तर शीर फाटेल."

पट्टीला हवा जायला ठरावीक अंतरावर बारीक भोकं होती. आई एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत तार सरकवायची, दोरा ओढून घ्यायची आणि पुढे जायची. पहिल्या दाराची पट्टी बसवली, तर दारच लागेना. दादाला आयताच विषय मिळाला. "वा! पाणी आत जाणार नाही, आणि माणूसही."

नळी जाड झाली होती. धाकटीने एक मापाने बारीक आणली. या वेळी दार नुसत्या बोटाने लोटलं तरी 'ढप्प' करून बसलं. आईने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. धाकटीलाही तो आवाज ऐकायचाच होता. काचा परत बसल्यावर चौकटींच्या कोपऱ्यांत फटी दिसल्या. त्यांत आईने सिरिंजने काळं सीलंट भरलं, थेंबही इकडेतिकडे न सांडता.

रविवार आला. धाकटीने गाडी अंगणात काढली आणि पाच टीपकागद तोलून आत अंथरले, चार पायांखालच्या जागांत आणि एक डिकीत. दादाने पाइप नळाला जोडला. तेवढ्यात आई वर्तमानपत्र घेऊन गाडीत जाऊन बसली.

"आई, उतर. भिजशील."

"बघू," म्हणत तिने दार ओढून घेतलं. ढप्प.

दादाने हात राखला नाही. टप, दारांच्या कडा, काचांचे कोपरे, डिकी, काही सोडलं नाही. वहिनी वरच्या खिडकीतून ओरडली, "अहो, गाडी तपासताय की आग विझवताय?" आई आत पान उलटत होती. मध्येच तिने काचेवर टकटक केली आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं: तो कोपरा राहिला. दादाने निमूटपणे तोही भिजवला. शेवटी स्वतःच चिंब झाला तेव्हा त्याने नळ बंद केला.

आई उतरली. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. दादाने वाकून पुढचा डावा कागद उचलला, गालाला लावला, उजेडात धरला.

"कोरडा वाटतोय," तो म्हणाला.

"वाटण्यावर नको," धाकटी म्हणाली. "ठेव तराजूवर. तूच ठेव, आणि आकडा तूच वाच."

त्याने ओले हात शर्टाला पुसायला घेतले, शर्टही ओला निघाला, तेव्हा आईने आपला रुमाल पुढे केला. एकेक करून पाचही कागद तराजूवर गेले. चारांचं वजन जसंच्या तसं होतं. पुढचा डावा त्याने शेवटी ठेवला.

अंथरताना ६.२ ग्रॅम. काढल्यावर ६.२ ग्रॅम.