काचेपलीकडचा भाऊ

"हलू नका हं ताई, दोन्ही हातांत सुया आहेत," नर्सने दटावलं.

"अगं, नाक खाजतंय!"

नर्सने हसून खाजवून दिलं. लाँड्रीत उभं राहून जन्म काढलेली ताई आज भावापायी आडवी पडली होती. एका हातातलं रक्त यंत्रात जायचं, निवडक पेशी तिथे ठेवून दुसऱ्या हातात परत यायचं.

भाऊ तिच्या पाठचा. तिने मनासारखं लग्न केलं, तेव्हा यानेच तिची ट्रंक रस्त्यावर फेकली. बाप गेला, तेही तिला परक्याकडून कळलं. पण त्याला रक्ताचा आजार झाला आणि भावजय लाँड्रीत येऊन "वन्सं, तुमचंच जुळतंय हो" म्हणून रडली, तर ही खुळी गरम इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर तशीच ठेवून निघाली.

पहिल्या खेपेला त्याच्या अंगाने तिचा बोनमॅरो झिडकारला. डॉक्टरांनी समजावलं, "त्याच्या शरीरात जुने पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, उरले होते. त्यांनी तुमच्या पेशींना हुसकावलं. आता बोनमॅरोसोबत तुमचेही पहारेकरी यंत्राने काढून पाठवू. ते जुन्यांना आवरतील."

"माझे ऐकतील ते? त्या घरात माझं कुणी ऐकलं नाही."

डॉक्टर हसले. ताईला हसू आलं नाही. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. त्याने एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

काही आठवड्यांनी निरोप आला, या खेपेला पेशी रुजल्या. ठेवणीतले कपडे कडक इस्त्री करून ती गेली. भाऊ काचेपलीकडे होता, बोलायला दोन्हीकडे फोन. त्याच्या गालांवर रंग आला होता. तिने फोन कानाला लावला.

"कसा आहेस रे?"

 तो म्हणाला, "हे बघ, रक्त दिलंस म्हणून घरी यायचं मनात आणू नकोस. बाबांनी दार लावलंय, ते लावलेलंच राहणार."

फोन ठेवून त्याने भिंतीकडे तोंड केलं. मेल्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, पण मध्ये काच होती.

मागून डॉक्टर आले. "ताई, कमाल झाली! आता त्याचं सगळं रक्त तुमच्याच पेशी बनवताहेत. शरीराने जरासुद्धा विरोध केला नाही."

"पुन्हा लागल्या तर बोलवा," ती म्हणाली.

फोन अजून तिच्या हातातच होता. नर्सने शिकवल्याप्रमाणे तिने तो स्पिरिटच्या कापसाने पुसला, पुढच्या माणसासाठी जागेवर ठेवला आणि कामावर गेली.