दुरुस्त केलेलं पत्र

मुद्रितशोधकांनी उतारा तिसऱ्यांदा वाचला आणि कागद सुनेपुढे सरकवला. त्यावर लाल शाईच्या सात खुणा होत्या.

“बाबा, चुका नव्हत्या काढायच्या,” सून म्हणाली. “उताऱ्यात काय म्हटलंय ते सांगायचं होतं.”

“सात ठिकाणी चुकलंय, एवढं नक्की.”

सून शाळेत शिकवायची, त्यामुळे हसू आवरायची तिला सवय होती. सासऱ्यांची अवस्था मात्र हसण्यासारखी नव्हती. चुका शोधायचं काम छापखान्यानं यंत्राकडे दिलं होतं. सोमवारी त्यांची परीक्षा होती. हस्तलिखित वाचून त्याचा आशय दहा ओळींत लिहायचा. जमलं तर संपादकांच्या खोलीत टेबल, नाहीतर घरचा रस्ता. आणि एकतीस वर्षं या गृहस्थांनी प्रत्येक ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे वाचलेली. सरळ वाचलं की मन अर्थामागे धावतं आणि चूक निसटते, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आता नजर शब्दांवरून फिरायची आणि डोकं कोरं ते कोरंच. आपल्याला नेमकं काय येत नाही, हेही त्यांना धड कळत नव्हतं.

“एक परिच्छेद वाचा,” सून म्हणाली. “कागद पालथा घाला. काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगा. मग विचारा, लिहिणाऱ्यानं हे का लिहिलं असेल?”

“त्याच्या मनातलं मला काय ठाऊक?”

“मग ओळखीच्या माणसाचं काहीतरी घ्या.”

त्यांनी खणातून धाकट्या बहिणीचं पत्र काढलं. ती दूर, एकटी राहायची. फोनवर दोघांनाही दोन वाक्यांपुढे सुचत नसे, म्हणून पत्रं. तिच्या चुका काढून कळवायच्या आणि तिनं पुढच्या पत्रात कडाकडा भांडायचं, हे लहानपणापासूनचं. या पत्रात एकोणचाळीस चुका होत्या. ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ असं त्यांनी बारीक अक्षरात कळवलं, त्याला चार महिने झाले होते. उत्तर आलं नव्हतं. रुसली तर रुसली, म्हणून तेही गप्प होते; पण जिवाला चुटपुट लागली होती.

त्यांनी पहिला परिच्छेद वाचला आणि पत्र पालथं घातलं.

“हल्ली दुपारीच लिहायला बसते म्हणे. खिडकीशी.”

“का?”

“उजेड बरा असतो म्हणून. पुढे शेजारणीचं आहे. ती पेपर वाचून दाखवते, पण निम्म्या बातम्या गाळते, अशी तक्रार.” त्यांनी पुढचं वाचलं. “शिवणयंत्र देऊन टाकलं. नुसतं धूळ खात होतं, म्हणते.”

ते गोंधळले. सगळ्या घराचे कपडे त्या यंत्रावर शिवले गेले होते. ते यंत्र ती कुणाला हात लावू देत नसे.

“का दिलं असेल?” सुनेनं विचारलं.

त्यांनी पत्र पुन्हा उलटलं. एक ओळ दुसरीवर चढलेली. तिथं लाल खूण. तोच शब्द दोनदा लिहिलेला. लाल खूण. शेवटची ओळ कागदाबाहेर गेलेली, आणि समोर त्यांचंच प्रश्नचिन्ह. बराच वेळ ते त्या खुणांकडे बघत राहिले.

“तिला दिसत नाहीये गं.”

सुनेनं पत्र हातात घेऊन ती शेवटची ओळ पाहिली.

“मग माझं पत्र तिला...” ते थांबले. “शेजारणीनंच वाचून दाखवलं असणार. मोठ्यानं.”

त्यांनी फोन लावला. बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला.

“कोण?”

“मी, दादा. तुझं पत्र वाचलं.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“चार महिने लागले?”

“मला वाचता येत नव्हतं,” ते म्हणाले. “शिकतोय.”

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मग ये इकडे,” ती म्हणाली. “ही बाई निम्म्या बातम्या गाळते.”