बोईसरच्या रांगेतली माझी जागा

माझ्या आईची जागा माझ्या नवऱ्यानं फुकट वाटून टाकली. दान करायला निघाला, तेही दुसऱ्याच्या मालाचं!

जागा म्हणजे बोईसरच्या बाजारात, मासळीवाल्या बायांच्या रांगेत, वडाच्या सावलीतली. आधी माझी आई आमच्या दांडी गावावरून टोपली नेऊन तिथं बसायची, तिच्यामागं मी. त्या रांगेचा कायदा साधा हाय. जागा बायकांची, आईकडून लेकीला. अडचण आली तर आपल्या हातानं दुसरीला बसवायची. पुरुषाचा तिथं काय संबंध? दारूला पैसे मागायला यायचं, तेवढाच.

माझा नवरा प्रताप कुवेतला, एका ठेकेदाराकडं नळ जोडायच्या कामावर होता. पाच वर्षं. खोटं कशाला बोलू, पैसे पाठवायचा. घरावर कौलं चढली. पण कौलं खाता येत नायत, रोजची चूल माझ्या टोपलीवरच पेटायची.

मग हा सुट्टीवर आला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात ट्रान्झिस्टर. ज्यांनी याला कधी बोटीवर धड उभं केलं नाय, ते "प्रतापशेठ, प्रतापशेठ" करत मागं फिरायला लागले. शेठ म्हणे! शेजारच्या पाम गावात अण्णांची नारळाची वाडी हाय, मोठं घर. याचा बाप जन्मभर त्यांच्या अंगणातूनच परत आला. याला मात्र ओटीवर खुर्ची आणि कपबशीतून चहा. झालं, याचे पाय जमिनीवरून सुटले.

"उद्यापासून टोपली बंद," मला म्हणतो. "शेठाच्या बायकोच्या तोंडावरून मासळीचं पाणी गळतं. लोक काय म्हणतील?"

"पाच वर्षं गळत होतं, तेव्हा लोक काय बोलले नायत."

"तेव्हा मी इथं नव्हतो."

टोपली मी कोपऱ्यात ठेवली. म्हटलं, सुट्टी संपली की हा जाईल आणि मी परत जाऊन बसेन. तर हा पठ्ठ्या स्वतः बाजारात गेला आणि सगळ्या रांगेसमोर आपल्या बहिणीला, सुलूला, म्हणाला, "बस इथं. सुगंधाला आता गरज नाय." बायांना वाटलं, निरोप मीच धाडला. सुलू बसली.

कळलं तशी मी धावत गेले. "ऊठ," म्हटलं.

"वयनी, दादानं दिली."

"दादाच्या बापाची हाय का जागा? माझ्या आईची हाय!"

तर रखमा मधे पडली. माझ्या बाजूला बसणारी रखमा, जिच्या डबीतली मिश्री मी रोज लावायची. म्हणते, "अगं, तुला काय कमी हाय? कुवेतवाली तू. गरिबाच्या पोटावर कशाला येतेस?" बाकीच्या हसल्या. एक बाई तसूभर सरकली नाय. मला इतका राग आला की यष्टीत बसल्या बसल्या रडायला आलं.

सुट्टी संपली. ठेकेदाराचं बोलावणं येईना. महिने गेले. चष्मा गेला, ट्रान्झिस्टर गेला, तरी शेठपणा जाईना. इकडं तारापूरला अणूच्या कारखान्याचं बांधकाम जोरात, नळ जोडणारी माणसं हवी होती. आमचा शेजारी मंगळ्या, ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाय, तोसुद्धा कामाला लागला. मी म्हटलं, "तुमी जा की."

"इथं गावात मजुरी करू? लोक म्हणतील, कुवेतवरून हाकलला."

शेवटी एका सकाळी तांदळाच्या डब्यात हात घातला तर बोटांना पत्रा लागला. हा खाली बघत म्हणाला, "टोपली काढ."

"काढते. बसू कुठं?"

 मग हळूच म्हणतो, "बोईसर नको. दारोदार फिर. आपल्याला कोण ओळखत नाय अशा गावात जा."

माझ्या डोक्यात जाळ झाला. "मी काय चोरीचा माल विकते?"

"आवाज कमी कर."

केला कमी. भावाच्या बोटीवरून मांदेली घेतली आणि तडक पाम गाठलं. अण्णांच्या फाटकात उभी राहून अशी आरोळी दिली की वाडीतले कावळे उडाले. "मांदेलीऽऽ घ्या मांदेली!"

ओटीवर हा रोजच्यासारखा खुर्चीत बसलेला. कुठल्या अरबाच्या मोटारीची गोष्ट सांगत होता, ती तोंडातच राहिली. अण्णांची बायको ताट घेऊन बाहेर आली.

"ताजी आहेत ना? कुणाची गं तू? याआधी कधी दिसली नाहीस."

हा माझ्याकडं बघत होता. डोळ्यांनी हात जोडत होता. आईचं नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी टोपली पायरीवर ठेवली.

"तुमच्या खुर्चीत बसलेत ना कुवेतचे शेठ, त्यांची. बाजारातली माझी जागा त्यांनी वाटून टाकली, म्हणून तुमच्या दारात आले."

 अण्णांच्या बायकोनं मुकाट्यानं ताटभर मांदेली घेतली. मग अण्णा म्हणाले, "अरे प्रताप, बसलास काय? खाली उतर. बायकोला टोपली उचलून दे."

शेठ गेला होता, नुसता प्रताप राहिला होता. तो पायऱ्या उतरला, माझ्यासमोर वाकला आणि टोपलीच्या कडेला त्यानं हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "तुमी दिलंत तेवढं पुरलं मला."

आणि माझी टोपली मीच उचलली.