चाकात बसलेला धनी

शनिवारी छावणीच्या मैदानात मोटारींची रांग लागायची. छोट्या-छोट्या गाड्या, एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक, प्रत्येकीच्या बोनेटवर कुंकवाचा मळवट. रांगेच्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली चाकवाले महाराज. भगवी कफनी, तोंडापाशी माइक, पायाशी तेलाची बुधली. हिंदू आला की म्हणायचे, "शनी बसलाय चाकात." मुसलमान आला की, "नजर लगी है, भाई." बुधली मात्र दोघांना एकच.

आमच्या शेजारच्या आशाबाईंची गाडी त्या रांगेत होती. नवरा रामकिसन यांनी ती हौसेनं घेतली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि ब्रेक दाबला की गाडी रडायला लागली. बारीक, उंच, काळजाला चरा पाडणारा आवाज. मुलगा बन्सी म्हणाला, मिस्त्रीला दाखवतो. आशाबाई म्हणाल्या, "नगं. तुझे वडील हायेत ते." जात्यावर गात वाढलेली बाई, तिनं त्या आवाजाचीही ओवी केली:

गाडी माझी गं रडती वळणाच्या वाटंवरी
सखा चाकात बसला, हाक मारतो माघारी

ही ओवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी ती वहीत उतरवून घेतली होती. आज महाराज तीच माइकवरून मैदानभर ऐकवत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती.

त्यात संध्याकाळी बन्सीला पिशोरला जायचं होतं, बाळंतीण बायको आणि सव्वा महिन्याचं लेकरू घरी आणायला. येताना घाटाचा उतार. म्हणून आशाबाईंची घाई. मला म्हणाल्या, "लेकरू बसायच्या आत गाडी शुद्ध झाली पायजे, गुरुजी." माझं त्या ऐकेनात, तेव्हा मी रईसाला फोन केला. मी शिकवतो त्याच शाळेत रईसा विज्ञान शिकवते. बालपण गेलं ते वडिलांच्या, मुख्तारभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात.

"बोल रामकिसन, कशात अडकला तुझा जीव?" महाराज गरजले. "ॐ चक्राय नमः! महाचक्राय नमः! स्टेपनीचक्राय नमः! चाक तेल मागतंय, ताई!"

पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून त्यांनी आत तेल ओतलं, धार लावून. चेल्यांनी गाडी हळूहळू ढकलली, बन्सीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. आवाज नाही. पुन्हा ढकलली. नाही.

"सुटला! जीव सुटला!"

टाळ्या पडल्या. मुंडासं बांधलेले एक म्हातारबा मान डोलवत म्हणाले, "बैलगाडीचं बी असंच व्हय. आस कुरकुरला की वंगण. जाणता माणूस हाये."

आशाबाई हात जोडून रडत होत्या. तेवढ्यात रईसा आली. वाकून तिनं मोबाइलचा उजेड चाकात टाकला आणि उठली ती लालबुंद होऊन.

"महाराज, या गाडीत बसा."

"कशाला?"

"बन्सीभाऊ त्या भिंतीकडं गाडी पळवतील आणि भिंतीजवळ ब्रेक मारतील. तुम्ही पुढं, त्यांच्या शेजारी."

"आम्ही वाहनात बसत नसतो."

"मग सकाळी कशातून उतरलात? एसी लावलेली पालखी होती ती?"

गर्दीत हशा पिकला. म्हातारबा म्हणाले, "बसा की वो महाराज. पीडा तर गेली ना?"

"परीक्षा घेणाऱ्याचा सत्यानाश होतो!"

"संध्याकाळी यात तान्हं लेकरू बसणार आहे," रईसा कडाडली. "त्याचा सत्यानाश झालेला चालतो तुम्हाला?"

महाराज बसले नाहीत. कफनी सावरत मागं सरकले. बन्सी त्यांच्याकडं बघतच राहिला. मग रईसानं मोकळ्या बाजूला मातीत रेघ ओढली, माणसं लांब केली आणि बन्सीला बेतानंच गाडी आणायला सांगितली. रेघेवर त्यानं ब्रेक दाबला. गाडी एका अंगाला ओढत, निमूट, सरकत गेली रेघेपल्याड. मागच्या चाकांनी कशीबशी धरली.

बन्सी दार उघडं टाकून आईकडं धावला. "आई, पाय दाबला. गाडी ऐकंना."

रईसानं सगळ्यांना चाकाजवळ बोलावलं. "ही आतली लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते. ब्रेक दाबला की हे दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पॅड झिजत आले की त्यांची एक पोलादी जिभली तबकडीला घासते आणि ओरडते. मुद्दामच बसवलेली असते ती, माणसानं वेळेवर पॅड बदलावेत म्हणून. काका, बैलगाडीच्या आसाला तेल लागतं, कारण त्यानं फिरायचं असतं. ब्रेकनं धरायचं असतं. तेल घातलं की ओरडणं थांबतं आणि धरणंही."

आशाबाई पुढं आल्या. "म्हंजी... माझा माणूस रडत नव्हता?"

"नाही, मावशी."

"त्याला कायबी तरास नव्हता?"

"काही नाही."

त्या महाराजांकडं वळल्या. माइक अजून चालू होता. "भाड्या, तो आवाज झाल्यापासनं मला घास गोड लागंना. मेलेल्याच्या नावानं तू माझ्या जित्या नातवाला घाटात लोटत हुतास?"

रांगेतल्या एकेका गाडीवाल्यानं वाकून आपली चाकं पाहिली. मग जे झालं ते महाराजांच्या चेल्यांना विचारा. पोलीस आले नसते तर कफनीही उरली नसती.

गाडी ढकलतच मुख्तारभाईंच्या दुकानी नेली. तेल प्यायलेले पॅड फेकले, तबकड्या धुतल्या. मुख्तारभाईंनी नवे पॅड दोन तऱ्हेचे मांडले. स्वस्तातल्यांना जिभली नव्हती.

"हे बोलणारे द्या, भाऊ," आशाबाई म्हणाल्या. "आन् दोन्ही चाकांना द्या. मुकं नगं मला कायबी."

वाचणाऱ्यांनो, रागानं लिहितो आहे, माफी मागत नाही. मैदानं पुष्कळ आहेत आणि बुधल्याही. तुमच्या माणसासाठी ओव्या गा, पोटभर रडा. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण तुमच्या रडण्यावर कुणी दुकान मांडलं तर त्याला विचारा, तू बसतोस का या गाडीत? आणि चाक ओरडलं तर हात जोडू नका. चाक उघडा.