कपाटातली कडी

माझी नोकरी खायला आलेला माणूस माझाच जावई निघाला. त्यामुळे त्याला बसायला स्टूलही मलाच द्यावं लागलं, आणि तेही माझंच. जावयाचा मान म्हणतात तो हा!

बावीस वर्षं मी कारखान्यात ब्रेकच्या कड्या तपासत होते. डाव्या हातात कडी, उजव्या हातात गेज. गेज म्हणजे बोटभर पोलादी दांडा. तो कडीच्या भोकात अलगद बसला की कडी पास; अडला किंवा खुळखुळला की कडी भंगारात. आता हे काम म्हणे कॅमेरा करणार होता. शुक्रवारी चारपर्यंत चाचणी पार पडली तर माझं टेबल उचलायचं, नाहीतर कॅमेरा परत पाठवायचा, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. त्या दिवशी मी देवाकडे काय मागितलं असेल ते सांगायला नको.

जावईबापू घरी मला आई म्हणतात, इथे मॅडम म्हणाले. मीही त्यांना सर म्हणून उट्टं काढलं. त्यांनी कडीचा फोटो पडद्यावर घेतला आणि भोकाभोवती माउसने हिरवं वर्तुळ ओढलं.

"मॅडम, या वर्तुळाने भोक मोजायचं. फक्त एकदा अचूक कडी दाखवून याला सांगायचं, की हे भोक बारा मिलिमीटरचं. मग बाकीच्या सगळ्या कड्या हे त्याच मापाने मोजतं."

अचूक कड्यांचा माझ्या टेबलावर ढीग पडला होता. पण साहेब स्वतः केबिनमध्ये गेले आणि काचेच्या कपाटातली कडी घेऊन आले. मखमलीवर ठेवलेली, चकचकीत. "ही आपली सर्वोत्तम कडी," म्हणाले. असेलही! आठ वर्षांपूर्वी प्रदर्शनासाठी तिला दोनदा मुलामा चढवला होता, आणि पुसून त्या कपाटात मीच ठेवली होती. मला कोणी काही विचारलं नाही. मीही मूग गिळून बसले.

मग चाचणी सुरू झाली. मी पास केलेल्या तीनशे कड्या कॅमेऱ्याखालून गेल्या आणि तीनशे वेळा लाल दिवा लागला. भोक मोठं, भोक मोठं, भोक मोठं. जावईबापूंनी दिवे हलवले, काच पुसली, वर्तुळ खोडून पुन्हा ओढलं. घामाघूम झाले बिचारे. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पावणेचार वाजले होते. आणखी पंधरा मिनिटं तोंड बंद ठेवलं की झालं.

तेवढ्यात साहेबांनी नापास कड्यांच्या लाल पेटीतली एक कडी उचलली.

"काय हो बाई, या तुम्हीच पास केलेल्या ना? मग बावीस वर्षं तुम्ही नक्की तपासत काय होतात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, ती कपाटातली महाराणी उचलली आणि तिच्या भोकात गेज घातला. जाईना. दाबला, तरी जाईना.

"साहेब, मुलाम्याने ही आतून लहान झालीय. हिला बारा म्हटलंत, तर खऱ्या बाराच्या सगळ्या मोठ्याच दिसणार! अहो सर, धरा, ही माझ्या टेबलावरची घ्या."

जावईबापूंनी माझी कडी ठेवली, वर्तुळ ओढलं, बारा टाकलं. मग त्याच तीनशे कड्या पुन्हा गेल्या आणि प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागला. एकही चुकली नाही! मी तर लहान पोरीसारखी हरखून मोजत होते. चाराला दोन मिनिटं कमी असताना साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि जावयाशी हात मिळवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

शनिवारी टेबल उचललं. निरोप देताना साहेबांनी मला भेट म्हणून ती चकचकीत कडी दिली, मखमलीसकट.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आई, यांनी काय बारीक चूक पकडली माहितीये? सगळे बघतच राहिले म्हणे! तुला नाही कळायचं त्यातलं."

"खरंय बाई," मी म्हटलं. "मला कळलं नसतं, तर सोमवारी कामावर गेले असते."